वर्गात समुद्र उभा करताना: माध्यमिक विद्यार्थ्यांसाठी नाट्यकृती

तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांना ‘समुद्र दाखवा’ असं सांगितलं की बहुतेक जण हात पुढे करून नागमोडी हलवू लागतात, काही जण पोहण्याचा अभिनय करतात आणि एक जण हमखास बुडतो. एवढं करूनही समुद्र काही दिसत नाही. प्रेक्षकाला समुद्र कळतो तो माणसाच्या अंगावरून. पाय कसे पडतात, नजर किती लांब जाऊन टेकते, वाऱ्यात बोलताना आवाज किती चढवावा लागतो, यावरून. म्हणून खालच्या कृतींत पाण्याची नक्कल फारच थोडी आहे. पाणी, वाळू आणि वारा माणसाचं काय करतात, त्यावर भर आहे.

आधी जागेचं बघू. ३० ते ४० मुलांसाठी साधारण ८ बाय १० मीटर मोकळी जमीन हवी. एवढी नसेल तर अर्धा वर्ग करेल आणि अर्धा बघेल, पण बघणाऱ्यांना काहीतरी नेमकं शोधायला द्या, नाहीतर त्यांच्यात गप्पा सुरू होतात. बूट आणि मोजे दोन्ही काढायला लावा, कारण गुळगुळीत फरशीवर मोज्यांत पाय घसरतात. त्याआधी फरशीवर टाचण्या, खिळे, तुटलेला खडू नाही ना ते स्वतः चालून पाहा. थांबण्याची खूण डफाच्या लागोपाठ दोन थापांची ठेवा. आवाजाच्या कृती सुरू झाल्या की ‘थांबा’ ही हाक कुणालाच ऐकू जात नाही.

पायांपासून सुरुवात

पहिली १५ मिनिटं फक्त चालणं. यात घाई करू नका, पुढच्या सगळ्या कामाचा पाया इथेच पडतो.

खडूने जमिनीवर एक लांब रेघ मारा. ही पाण्याची कड. रेघेच्या अलीकडे वाळू, पलीकडे पाणी, आणि दर मीटरला पाणी किती खोल होतं ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं: घोटा, गुडघा, कंबर, छाती. हे ठरवून घेतलं नाही तर जिथे एकाच्या घोट्याशी पाणी आहे तिथेच दुसरा कंबरेएवढ्या पाण्यात उभा राहतो आणि बघणाऱ्याचा विश्वास त्याच क्षणी उडतो.

मग एकेक पृष्ठभाग द्या. कोरड्या वाळूत टाच आत जाते, पुढचा चवडा मागे ढकलताना वाळू सरकते, त्यामुळे प्रत्येक पावलामागे थोडं अंतर वाया जातं. गुडघे जास्त उचलावे लागतात, पोटऱ्या ओढल्या जातात, धड किंचित पुढे झुकतं. हीच वाळू तापलेली असेल तर पाय टेकला की लगेच भार पावलाच्या बाहेरच्या कडेवर जातो आणि नजर सावली शोधू लागते. ओल्या, घट्ट वाळूवर आलं की पाठ सरळ होते, चाल वाढते, हात मोकळे सुटतात. या बदलाचा क्षण मुलांना पुन्हा पुन्हा करायला लावा. कोरड्यातून ओल्यात पाऊल पडताना जो सुटकेचा श्वास आपोआप येतो, तो आला म्हणजे कृती जमली.

घोट्याएवढ्या पाण्यात माणूस पाय पाण्याबाहेर काढून पुढे टाकतो. गुडघ्याएवढ्या पाण्यात पाय उचलणं जड जातं, म्हणून तो पाण्यातूनच पुढे रेटावा लागतो. कंबरेएवढ्या पाण्यात चाल पायांपेक्षा कंबर वळवून होते आणि हात पाण्याच्या वर, अंगापासून दूर जातात. छातीपर्यंत पाणी आलं की पाय हलके होतात, खांदे कानाकडे चढतात, आणि पाणी थंड असेल तर श्वास तुटक होतो.

आता लाटा. सगळ्यांना घोट्याएवढ्या पाण्यात समुद्राकडे तोंड करून उभं करा आणि दर ८ ते १० सेकंदांनी डफावर थाप द्या. थाप म्हणजे लाट येऊन आदळली. मुलं धक्क्याचा अभिनय चांगला करतात, परतणाऱ्या पाण्याचा मात्र विसरतात. लाट मागे जाताना टाचांखालची वाळू वाहून नेते. टाचा खचतात, तोल मागे जातो आणि पायाची बोटं वाळूला धरून ठेवायला बघतात. हा छोटासा तपशील समुद्रावर गेलेल्या कुणालाही लगेच ओळखू येतो, आणि न गेलेल्याला तो करून पाहिल्यावर समुद्र कळतो. त्यामुळे ज्यांनी समुद्र पाहिलेला नाही त्यांना या कृतीत मागे पडल्यासारखं वाटण्याचं कारण नाही. उलट ती मुलं ऐकीव नकला करत नाहीत, जे सांगितलं ते अंगात उतरवतात.

इथे सगळ्यात जास्त घोळ चेहऱ्यामुळे होतो. वाळू तापली म्हटलं की मुलं ‘आई गं’ करत तोंडं वेडीवाकडी करतात आणि पाय मात्र फरशीवर चालतात तसेच चालतात. उपाय म्हणून दोघांना एक चादर आडवी धरायला लावा, तिची खालची कड गुडघ्याच्या उंचीवर. चादरीमागून चारजण चालतील, समोरच्यांना फक्त पाय दिसतील आणि त्यांनी पृष्ठभाग ओळखायचा. दोन फेऱ्यांत चेहऱ्याचा अभिनय गळून पडतो.

क्षितिज

किनाऱ्यावर उभ्या असलेल्या मोठ्या माणसाला क्षितिज साधारण साडेचार ते पाच किलोमीटरवर दिसतं. वर्गात मुलांची नजर समोरच्या भिंतीवरच अडकते आणि म्हणून समुद्र खोलीएवढाच राहतो. समोरच्या भिंतीवर, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर, कागदी चिकटपट्टीची लांब आडवी रेघ लावा आणि ‘रेघेच्या पलीकडे बघा’ असं सांगा. मग एक दूरचं गलबत रेघेवरून डावीकडून उजवीकडे नेऊन दाखवा. तुम्ही पट्टीखालून एक मिनिटभर बोट सरकवत नेलं तरी पुरे. दहा माना एकाच वेगाने हळूहळू वळल्या की बघणाऱ्यांना गलबत दिसतं. नजरा वेगवेगळ्या ठिकाणी असतील तर काहीच दिसत नाही. प्रयोगात पट्टी नसते, तेव्हा प्रेक्षागृहाच्या मागच्या भिंतीवरची एखादी ठरलेली वस्तू सगळ्यांनी धरायची.

आवाजाचा समुद्र

सगळे गोलात, पाठी आत, तोंडं बाहेर. एकमेकांचे चेहरे दिसत नसले की हसू कमी येतं.

एक लाट तीन भागांत तयार होते. वाढत जाणारा ‘श्श’, साधारण ३ सेकंद. मग फुटणं: तळहातांनी मांड्यांवर पसरट थापा, सगळ्यांच्या एकदम नकोत, थोड्या मागेपुढे. त्यानंतर मागे जाणारा, बारीक होत जाणारा ‘स्स’, ५ सेकंद. मुलं हा तिसरा भाग गाळतात आणि दर दोन सेकंदांनी नवी लाट सुरू करतात. मग ते धोबीघाटासारखं ऐकू येतं. दुरून येणाऱ्या मोठ्या लाटांमध्ये ८ ते १२ सेकंदांचं अंतर सहज असतं. लाटेनंतर दोन आकडे पूर्ण शांतता ठेवा. पुढची लाट ऐकण्याची ओढ त्या शांततेतूनच तयार होते.

लाट जमली की एकेक थर चढवा. खडीच्या किनाऱ्यासाठी परतणाऱ्या लाटेच्या वेळी तिघांनी नखांनी बाकाचा पृष्ठभाग खरवडायचा. वाऱ्यासाठी चौघांनी ओठ चंबूसारखे करून ‘ऊ’ काढायचा, पण प्रत्येकाने वेगळ्या वेळी चढायचं आणि उतरायचं; चौघं बरोबर चढले की भोंगा वाजल्यासारखं होतं. पक्षी एकच ठेवा, मिनिटातून दोनदा. याहून जास्त पक्षी कुठल्याही समुद्राला सोसत नाहीत. दूरच्या माणसांचे आवाज शब्दांशिवाय, नुसत्या स्वरांचे करायचे, कारण वारा व्यंजनं आधी खातो: ‘इकडे ये’ची लांबून ‘इ…ए…ए’ होते.

एका वेळी तीनपेक्षा जास्त थर चालू नकोत. आता सगळ्यांची तोंडं आत वळवा. एक मुलगी किंवा मुलगा मध्ये उभा राहून हाताने संचालन करेल: तळहात वर म्हणजे वाढवा, खाली म्हणजे कमी, मूठ म्हणजे बंद. लाट डावीकडून उजवीकडे न्यायची असेल तर संचालकाने बोट गोलावरून फिरवायचं, ज्याच्यावर बोट येईल त्यानेच आवाज काढायचा. फोनवर ध्वनिमुद्रण करून लगेच ऐकवा. आवाज कुठे घाईचा झाला आणि कोण सगळ्यांवर कुरघोडी करतंय हे मुलं स्वतःच सांगतात, तुम्हाला सांगावं लागत नाही. मात्र श्वासाचे आवाज सलग दोन मिनिटांपेक्षा जास्त काढायला लावू नका, गरगरायला होतं.

तोंडाच्या आवाजांना जोड हवी असेल तर साधारण ४० बाय ३० सेंटिमीटरचं उथळ खोकं घ्या, त्यात दोन मुठी बारीक छर्रे किंवा मणी टाका आणि खोकं इतकं हळू कलतं करा की मणी एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पोचायला ५ सेकंद लागतील. मणी जास्त झाले की पाऊस ऐकू येतो.

कापडाची लाट

नाटकातली ही फार जुनी युक्ती आणि सगळ्यात जास्त बिघडणारीही. कापड ६ मीटर लांब, दीड मीटर रुंद, अस्तराचं किंवा पातळ नायलॉनचं घ्या. सुती चादर घेऊ नका. ती जड असते, तिच्यातून हवा आरपार जाते, त्यामुळे ती उचलली की थेट खाली पडते.

आठजण लागतात: चार कोपऱ्यांना चार, लांब बाजूंना दोन-दोन. कापड पूर्ण ताणू नका. ६ मीटरचं कापड ५ मीटरवर धरलं की त्याला पुरेशी ढील मिळते. हात कंबरेच्या उंचीवर. आता फक्त एका टोकाच्या दोघांनी हात झपकन वर नेऊन खाली आणायचे. लाट कापडातून दुसऱ्या टोकाला जाते. बाजूच्या चौघांचं काम अवघड आहे, कारण त्यांना काहीच करायचं नाही. लाट आपल्या हातांखालून जाऊ द्यायची, स्वतः हात उचलायचा नाही. आठहीजण हात हलवू लागले की लाटा एकमेकींना मारतात आणि कापड नुसतं फडफडतं. कापड थोडं ताणलं की लाट वेगाने पळते, ढील दिली की मंदावते. वादळ आणि निवांत दुपार यांतला फरक एवढ्यानेच साधतो. खऱ्या समुद्रातही लाट पुढे जाते तेव्हा पाणी बहुतांशी जागच्या जागी वर-खाली फिरत असतं. कापडाकडे बघून मुलांना हे पटकन कळतं.

एकदम उंच उचलून सोडलं की खाली हवा अडकते आणि मोठा घुमट फुगतो. हा परिणाम प्रयोगात एकदाच वापरा, दुसऱ्यांदा त्याची जादू उरत नाही.

माणूस पाण्यात उतरताना दाखवायचा असेल तर कापडाला भोक पाडू नका. पाऊण मीटर रुंदीच्या दोन पट्ट्या घ्या, नट त्या दोघींच्या मध्ये. तो जागच्या जागी चालतो आणि पट्ट्या गुडघ्यापासून हळूहळू छातीपर्यंत चढतात. छातीच्या वर कापड न्यायचं नाही, तोंडावर किंवा गळ्याभोवती तर कधीच नाही. जमिनीवर पडलेल्या कापडावर पाय ठेवायचा नाही, ते क्षणात सरकतं.

या सगळ्यात माझी आवडती कृती ओहोटीची. कापड जमिनीवर पसरून ठेवा, त्याखाली आधीच काही वस्तू ठेवलेल्या असाव्यात: एक चप्पल, बंद बाटली, तुटलेलं वल्हं, लहान मुलाचं खेळणं. एका टोकाचे दोघं कापड घोट्याच्या उंचीवरून हळूहळू ओढत नेतात, पूर्ण निघायला २० सेकंद. वस्तू एकेक करून उघड्या पडतात. बाकीचे किनाऱ्यावर उभे असतात, त्यांतला एकजण एक वस्तू उचलतो आणि गोष्ट तिथून सुरू होते.

होडी

खडूने ४ मीटर बाय दीड मीटरची होडी आखा. सहाजण आत. मुलं कंबरेतून गवतासारखी डोलतात, हे चुकीचं आहे. होडी कलते तेव्हा जमीन तिरकी होते, माणूस सरळ राहायला धडपडतो. डावी बाजू खाली गेली की उजवा गुडघा वाकतो, डावा पाय सरळ होतो, डोकं मात्र जवळपास तिथेच राहतं. पुढची बाजू वर उचलली गेली की पुढे झुकायचं, खाली गेली की मागे. आधी चार-चार आकड्यांवर दहा वेळा मोजून करा, मग मोजणं बंद करून सुकाण्यावरच्या मुलाच्या ऐकू येणाऱ्या श्वासावर. सगळे एका लयीत आले की मध्येच एक मोठी लाट द्या. आता बोलणं सुरू करा. डोलणं सांभाळत दोन वाक्यंही बोलता येत नाहीत असं लक्षात येईल. तसं झालं तर पुन्हा आकड्यांवर या.

गोष्टींसाठी खरे धागे

उत्स्फूर्त प्रवेशांना ‘सहल’ हा विषय दिला तर भांडण आणि हरवलेला मोबाइल याच्या पुढे गाडी जात नाही. घडलेल्या घटना दिल्या की मुलं विचार करू लागतात.

जानेवारी १९९२मध्ये उत्तर प्रशांत महासागरात एका मालवाहू जहाजावरून कंटेनर पडले. त्यांतल्या एकात आंघोळीच्या वेळी खेळायची २८,८०० प्लास्टिकची खेळणी होती: पिवळी बदकं, निळी कासवं, हिरवे बेडूक, लाल बीव्हर. सुमारे दहा महिन्यांनी ती अलास्काच्या किनाऱ्याला लागू लागली आणि सागरी प्रवाहांचा अभ्यास करणाऱ्यांना त्यांचा उपयोग झाला. चार-चारच्या गटांना सांगा: पहिलं बदक ज्याला सापडलं त्याचं, त्याच्या शेजाऱ्याचं, ते विकायला काढणाऱ्याचं आणि ते मोजायला आलेल्या शास्त्रज्ञाचं संभाषण करा. प्रत्येकाला त्या बदकाकडून वेगळं काहीतरी हवं असतं. नाट्य तिथेच आहे.

दुसरा धागा डिसेंबर १९००चा. स्कॉटलंडच्या पश्चिमेला फ्लॅनन बेटांवरच्या दीपगृहात मदतीचं जहाज पोचलं तेव्हा तिन्ही रखवालदार नाहीसे झाले होते. एकाचा पावसाळी कोट आतच राहिला होता. मोठ्या लाटेने तिघांना ओढून नेलं असावं असा निष्कर्ष चौकशीत निघाला. अर्धवट जेवण आणि उलटलेली खुर्ची या गोष्टी पुढे लोकांनी जोडल्या, त्या वापरायच्या नाहीत असा नियम करा. त्याने काम अवघड आणि चांगलं होतं. गटांनी फक्त तीन स्थिरचित्रं करायची: कोट खुंटीवरच राहिला तो क्षण, त्याआधीचा दिवस, जहाजावरच्या माणसाने दार उघडलं तो क्षण. प्रत्येक चित्र ५ सेकंद गोठलेलं. मग तुम्ही एकेकाच्या खांद्याला हात लावाल आणि तो मनातलं एकच वाक्य बोलेल. वाक्य ‘मला भीती वाटते’ असं असेल तर स्वीकारू नका. कशाची, ते विचारा.

हा प्रसंग वाढवायचा असेल तर शिक्षकाने स्वतः चौकशी अधिकारी व्हावं. ब्रिटिश नाट्यशिक्षिका डॉरथी हीथकोट यांनी शिक्षकाने भूमिकेत शिरण्याची ही पद्धत रुजवली. तुम्ही अधिकारी म्हणून बसलात की वर्ग आपोआप गावकरी आणि खलाशी होतो. आवाज बदलायची गरज नाही. हातात एक वही घ्या आणि प्रत्येक उत्तर खरोखर लिहून घ्या. बोललेलं लिहून घेतलं जातंय म्हटल्यावर मुलं शब्द तोलून वापरतात.

तिसरा धागा जीवरक्षकाचा. एक जीवरक्षक, एक पोहायला निघालेला हट्टी माणूस, लाल झेंडा. दोघांनाही आरडाओरडा करायला मनाई. या प्रवेशात बुडण्याचा उल्लेख येतो, म्हणून आधी खरी माहिती द्या: बुडणारा माणूस बहुतेक वेळा ओरडत नाही, हात हलवून बोलावत नाही. तोंड पाण्याखाली-वर होत असतं, हात पाणी खाली दाबत असतात आणि हे सगळं शांतपणे घडतं. किनाऱ्यापासून आत ओढणाऱ्या प्रवाहात सापडल्यास त्याच्याविरुद्ध पोहून दमायचं नसतं. तरंगत राहून मदत मागायची, जमल्यास किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाबाहेर यायचं. मुलांनी बुडणं दाखवायचंच नाही. किनाऱ्यावर गप्पा मारणारं कुटुंब दाखवा आणि त्यांतली एकटी मुलगी पाण्याकडे बघत असताना बोलता बोलता गप्प होते. रंगमंचावर याहून मोठा ताण क्वचितच उभा राहतो.

हा प्रवेश घेण्याच्या आदल्या दिवशी वर्गाला विषय सांगून ठेवा. कुणाच्या घरात पाण्यात बुडून कुणी गेलेलं असेल तर त्या मुलाने कारण न सांगता आवाजाच्या किंवा कापडाच्या गटात जाण्याची मोकळीक हवी, आणि ती तुम्ही सगळ्यांसमोर विचारून नव्हे, आधीच सगळ्यांना पर्याय देऊन द्यायची.

पाच तासिकांत प्रयोग

पहिल्या तासिकेत पाय आणि क्षितिज, दुसरीत आवाज, तिसरीत कापड आणि होडी, चौथीत गोष्ट, पाचवीत जोडणी. याहून कमी वेळ असेल तर कापड वगळा. पाय आणि आवाज वगळू नका. दहा मिनिटांचा प्रयोग पुरे. वर्ग तीन गटांत: १५ आवाजाला, ८ कापडाला, बाकीचे गोष्टीत. आवाजाचा गट प्रेक्षकांच्या दोन्ही बाजूंना आणि मागे बसवा, म्हणजे प्रेक्षक समुद्राच्या मध्ये येतात. संवादांच्या वेळी आवाज एकाच थरावर आणि अगदी हळू. संवाद संपल्यावरच लाट फुटू द्यायची. तालमीत इथेच सर्वांत जास्त वेळ जातो, कारण आवाजाच्या गटाला संवाद पाठ नसतात. त्यांना प्रत्येक पात्राचं फक्त शेवटचं वाक्य लिहून द्या.

शेवटी पात्रं बाहेर गेल्यावर रंगमंच रिकामा ठेवा आणि दोन पूर्ण लाटा ऐकवा. दिवे दुसऱ्या लाटेच्या ‘स्स’वर मालवायचे, फुटण्यावर नाही. फुटण्यावर मालवले तर टाळ्या लाटेच्या आवाजातच सुरू होतात.